शिकवलेली पोरं चाकणला जातात, तर शिकवायचं कशाला?

आदरणीय सर,

पलूस तालुक्यातल्या एका गावात आमचं सीएनसी, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या मशीनवरच्या, जॉबवर्कचं युनिट आहे. सासऱ्यांनी दोन साध्या लेथवर सुरू केलेलं. तीन वर्षांपूर्वी त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. यजमान बँकेत, बदलीच्या गावी. म्हणून कारखाना माझ्याकडे आला. मी बी.कॉम. आहे, हिशेब आणि ऑर्डरी बघते. आज आठ सीएनसी आणि २४ माणसं आहेत. पंपांचे आणि ट्रॅक्टरचे सुटे भाग करतो. काम भरपूर आहे, माणूस नाही. दुसऱ्या शिफ्टला दोन मशीन रोज बंद राहतात.

आयटीआय झालेली पोरं येतात, त्यांना मापाचं व्हर्नियरसुद्धा धड वाचता येत नाही. सहा-आठ महिन्यांत जरा हाताशी आली की दोन-तीन हजार जास्त मिळतात म्हणून पुण्याजवळ चाकणच्या कारखान्यांत जातात. गेल्या दिवाळीपासून नऊ जण गेले. सेटिंग, म्हणजे नव्या कामासाठी मशीन लावून देणं, फक्त आमच्या मेस्त्रींना येतं. ते सासऱ्यांच्या वेळचे, पण कुणाला शिकवत नाहीत. ते आजारी पडले की कारखाना आजारी पडतो.

शेजारचे कारखानदार सांगतात, मूळ सर्टिफिकेटं ठेवून घ्या आणि दोन वर्षांचा बाँड करा. कुणी म्हणतं, ठेकेदाराकडून परराज्यातली माणसं आणा. यजमान म्हणतात, ट्रेनिंग हे मोठ्या कंपन्यांचं काम, आपण चोवीस माणसांचे. मी काय करू? आणि विचारायला संकोच वाटतो, पण मला स्वतःला मशीन येत नाही, याने काही बिघडतं का?

– एक वाचक, जि. सांगली

ताई,

शेवटचा प्रश्न तुम्ही संकोचून शेवटी टाकलात, त्याचं उत्तरही शेवटीच देतो. आधी सर्टिफिकेटांचं बोलू, कारण ते माझ्या अंगावरून गेलं आहे.

विसाव्या वर्षी टर्नर ट्रेड पास होऊन मी एका शहरातल्या वर्कशॉपला लागलो. शेठनी पहिल्याच दिवशी दहावीचं मार्कशीट आणि ट्रेड सर्टिफिकेट मागून घेतलं आणि कपाटात ठेवून कुलूप लावलं. चार महिन्यांनी एका चांगल्या ठिकाणचं मुलाखतीचं पत्र आलं. मूळ कागद दाखवायचे होते. शेठ म्हणाले, आधी काम संपव. मुलाखत गेली. त्यानंतर मी तिथे आणखी सात महिने होतो आणि त्या सात महिन्यांत सांगितल्यापेक्षा एक काम जास्त केलं नाही. टूल बोथट झालेलं दिसायचं, मी सांगायचो नाही. शेवटी कागद तिथेच सोडून गावी आलो आणि डुप्लिकेटसाठी खेटे घालत बसलो. शेठना वाटलं असेल की त्यांनी मला अकरा महिने धरून ठेवलं. खरं तर चौथ्या महिन्यातच मी त्यांचा राहिलो नव्हतो.

म्हणून सांगतो, कुणाचाही मूळ कागद एक रात्रसुद्धा ठेवून घेऊ नका. बघा, झेरॉक्स घ्या, हातात परत द्या. राहिला बाँड. नोकरी सोडल्यावर दुसरीकडे काम करू नये अशी अट १८७२ च्या करार कायद्याच्या कलम २७ पुढे टिकत नाही. प्रशिक्षणावर खरोखर झालेला खर्च मागता येतो, पण तोही वाजवी आणि दाखवता येण्याजोगा हवा. आता स्वतःलाच विचारा, त्या नऊ जणांवर झालेला खर्च तुम्ही कोणत्या वहीत दाखवणार? त्यांच्या शिकण्यासाठी तुमच्या कारखान्यात दिवसातला एक तास तरी बाजूला काढलेला होता का? पत्रात तसं कुठे दिसत नाही. ती पोरं बघून-बघून शिकली. जे आपण दिलंच नाही, त्याची वसुली कशी करणार?

हे बोललो ते टोचेल, पण सगळा गुंता इथेच आहे. तुमच्याकडे काम आहे, मशीन आहेत, पगारही वेळेवर होत असणार. नाही ती पायरी. पोरगं पहिल्या दिवशी हेल्पर म्हणून येतं. बर, म्हणजे लोखंडाचा कीस, उचलतं, जॉब (घडवायचा भाग) मशीनवर लोड करतं, फाइलने कड मारतं, झाडू मारतं. सहा महिन्यांनीही तेच करत असतं. आपण ऑपरेटर कधी होणार, सेटर कधी होणार, त्यासाठी काय यायला हवं, आलं तर पगार किती वाढेल, हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं. मग चाकणहून मित्राचा फोन येतो. मित्र आकडा सांगतो. त्या पोराच्या आयुष्यात भविष्याबद्दल कुणी सांगितलेला तो एकमेव आकडा असतो. ते जाणारच.

एकतीस वर्षं मी आयटीआयमध्ये शिल्प निदेशक, म्हणजे ट्रेड शिकवणारा शिक्षक, होतो, तेव्हा व्हर्नियरची तक्रार माझ्याच दारात येते, आणि मी ती घेतो. वर्गात सोळा मुलं आणि चालू लेथ पाच, अशी वर्षं मी काढली आहेत. मटेरियल वेळेवर यायचं नाही, निदेशकांची पदं रिकामी, एकाने दोन ट्रेड सांभाळायचे. अशा ठिकाणी मुलाला दिवसातून अर्धा तास मशीन मिळालं तरी नशीब. पण एक गोष्ट लक्षात घ्या, अडचण व्हर्नियरच्या बरीच आधी सुरू झालेली असते. ०.१ मोठं की ०.०८ मोठं, हे विचारल्यावर दहावी पास मुलगा थबकतो, कारण आठ एकापेक्षा मोठे. २०२३ च्या ‘असर’ या शिक्षणविषयक पाहणीत देशातल्या २८ जिल्ह्यांत ग्रामीण भागातली १४ ते १८ वयाची मुलं तपासली, तेव्हा तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागणारी निघाली ४३.३ टक्के. आणि कुठलंही व्यवसाय शिक्षण घेणारी अवघी ५.६ टक्के. तुमच्या गेटवर उभा राहणारा मुलगा या गर्दीतून येतो. आयटीआय पास म्हणजे त्यातल्या त्यात पुढे गेलेला. त्याला येत नाही हा त्याचा आळस नाही. त्याच्यापर्यंत ते पोचलेलंच नाही, आणि पोचवायला तुमच्याइतकी चांगली जागा दुसरी नाही, कारण तुमच्याकडे खरा जॉब आहे.

यजमान म्हणतात ट्रेनिंग मोठ्या कंपन्यांचं. त्यांना तुमच्याच तालुक्यातली गोष्ट सांगा. १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्कर बेळगाव सोडून कुंडलच्या माळावर आले. औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी जागा दिली. माळ म्हणजे निवडुंग आणि दगड. आयटीआयची योजना देशात आली १९५० साली, म्हणजे तेव्हा ‘तयार कामगार’ असा प्रकार आसपास मिळणारच नव्हता. आजूबाजूच्या खेड्यांतली माणसं घेऊन, त्यांना शिकवून, लोखंडी नांगर तयार झाले. ती तेव्हा मोठी कंपनी नव्हती. शिकवत गेली म्हणून मोठी झाली. त्याच काळात तळेगावला पैसा फंडाचा काच कारखाना निघाला, १९०८ साली. अंताजी दामोदर काळे माणशी वर्षाला एक पैसा गोळा करत गावोगाव फिरले, त्या पैशातून. तो कारखानाही होता आणि काचकामाची शाळाही होती. तिथे शिकलेली माणसं बाहेर पडून ठिकठिकाणी काचेच्या धंद्यात गेली. तळेगावकरांनी त्यांना पळपुटे म्हटलं नाही, कारण माणसं घडवून बाहेर पाठवणं हाच त्या पैशाचा उद्देश होता. तुमचा उद्देश धंदा आहे हे मला कळतं. तरी शिकलेला माणूस गेला म्हणजे सगळं पाण्यात गेलं, असं समजू नका.

आता धंद्याच्या भाषेत. मशीनचा तासाचा दर तुम्ही लिहिलेला नाही. आपण ३५० रुपये धरू. एक मशीन एक शिफ्ट बंद म्हणजे आठ तास, महिन्याचे पंचवीस दिवस, झाले ७०,००० रुपये. दोन मशीनचे १,४०,०००. यातून पगार, वीज, टूलिंग वजा करा, तरी उरतं ते दर महिन्याला बुडतं आहे. याच्यासमोर शिकवण्याचा खर्च मांडा. दोन शिफ्टच्या मध्ये, तीनच्या सुमाराला, पाऊण तास. सकाळची पोरं थांबतील, दुपारची थोडी आधी येतील. या पाऊण तासाचा पगार द्यायचा, तो फुकट घ्यायचा नाही. ‘स्वतःच्या वेळेत शिका’ म्हटलं की पोरं समजतात, हे मालकाला महत्त्वाचं नाही.

काय शिकवायचं? तुमच्या कारखान्यातलं सगळ्यात चांगलं पाठ्यपुस्तक रिजेक्शनच्या पेटीत पडलेलं आहे. तिथले दहा जॉब टेबलावर ठेवा, शेजारी ड्रॉइंग ठेवा, आणि प्रत्येकाने मोजून सांगायचं की हा का नापास झाला. पहिले दोन आठवडे एवढंच करा. व्हर्नियर ०.०२ मिलिमीटरपर्यंत, मायक्रोमीटर ०.०१ पर्यंत, आतलं भोक मोजायचं बोअर गेज, आट्यांचं थ्रेड गेज. दशांश अपूर्णांक इथेच, हातात लोखंड धरून शिकवायचे. फळ्यावर शिकवून ते दहा वर्षांत आले नाहीत. मग ड्रॉइंग वाचणं. ड्रॉइंगवरचे शब्द इंग्रजीच राहू देत, पण अर्थ मराठीत समजवा, आणि टॉलरन्स म्हणजे ‘एवढी चूक चालेल’ असं सांगू नका, ‘या दोन कुंपणांच्या मध्ये राहायचं’ असं सांगा. पहिल्या अर्थाने पोरगं चुकीची सवलत घेतं.

त्यानंतर ऑफसेट, म्हणजे माप चुकलं तर मशीनमध्ये भरायची दुरुस्ती. इथे सर्वांत जास्त जॉब वाया जातात, म्हणून इथे रेंगाळा. बाहेरचा व्यास ०.०४ ने मोठा आला, तर वेअर ऑफसेटमध्ये (टूलच्या झिजेच्या दुरुस्तीत) एक्स अक्षाला वजा ०.०४. बोअर ०.०४ ने लहान आला, तर अधिक ०.०४. चिन्ह उलटं का होतं, हे पोराने कागदावर टूल काढून तुम्हाला समजावून सांगितलं पाहिजे. पाठ केलेलं रात्री साडेदहाला झोपेच्या भरात उलटतं आणि टूल जॉबमध्ये घुसतं. समजलेलं उलटत नाही. ज्याला हे समजावून सांगता आलं, तो ऑपरेटर झाला, मग त्याला येऊन तीन महिने झाले असोत की पाच. त्या दिवसापासून त्याचा पगार वाढला पाहिजे, पुढच्या एप्रिलपासून नव्हे.

हे सगळं भिंतीवर आणा. एक मोठा तक्ता करा: डावीकडे माणसांची नावं, वर कामं. मोजमाप, ड्रॉइंग, ऑपरेटिंग, ऑफसेट, इन्सर्ट (टूलचं कापणारं टोक) बदलणं, सेटिंग, प्रोग्रॅममध्ये फेरबदल. प्रत्येक चौकोनात एक गोल. बघून झालं की पाव भाग रंगवायचा, देखरेखीखाली केलं की अर्धा, एकट्याने केलं की पाऊण, दुसऱ्याला शिकवलं की पूर्ण. खाली लिहून टाका, कोणता गोल भरला की पगारात किती वाढ. सर्वांना दिसेल असं. मोठ्या कारखान्यांत असे तक्ते असतात, पण तिथे ते ऑडिटसाठी रंगवलेले मी पुष्कळ पाहिले आहेत. तुमच्याकडे तो खरा असू द्या. गावातला मुलगा घरी जाऊन सांगेल, ‘माझे तीन गोल भरलेत.’ आईबापाला ती भाषा कळते.

मेस्त्रींकडे वळतो. ते शिकवत नाहीत, असं तुम्ही लिहिलंत. मी त्यांना ओळखत नाही, पण त्यांच्यासारखे चाळीस जण ओळखतो. हातचं राखून ठेवणारा मेस्त्री स्वभावाने वाईट नसतो. त्याने स्वतः शिव्या खाऊन, एखादेवेळी पाना अंगावर झेलून, चोरून बघून सेटिंग शिकलेलं असतं. त्याच्याकडे डिग्री नाही, जमीन बहुतेक थोडी. त्या कारखान्यात त्याची किंमत एकाच गोष्टीवर आहे, की ते फक्त त्याला येतं. आणि आपण त्याला सांगतो, ‘ते सगळ्यांना शिकव.’ म्हणजे स्वतःच्या हाताने स्वतःला स्वस्त कर. तो का करेल?

तेव्हा आधी त्यांची किंमत दुसऱ्या जागी नेऊन ठेवा. त्यांच्याशी एकट्याने बोला, ऑफिसात नको, त्यांच्या घरी जा. सासऱ्यांना नेता आलं तर उत्तम. सांगा की आजवर तुम्ही सेटर होता, इथून पुढे तुम्ही या कारखान्याचे शिक्षक आहात. पगार कमी होणार नाही हे लेखी द्या. शिकवण्याचा भत्ता वेगळा द्या. ज्या पोराचा सेटिंगचा गोल पूर्ण भरेल, त्यामागे त्यांना ठरावीक रक्कम. पगाराच्या पावतीवर त्यांच्या नावापुढे ‘प्रशिक्षक’ छापा. त्यांना एखाद्या अल्पमुदतीच्या प्रोग्रॅमिंगच्या कोर्सला पाठवा; छत्रपती संभाजीनगरला इंडो-जर्मन टूल रूम आहे, तिथे असे कोर्स होतात. पन्नाशीतल्या माणसाला आपण कोर्सला पाठवण्याच्या लायकीचे आहोत हे कळणं, ही फार मोठी गोष्ट असते. मी निवृत्तीला तीन वर्षं राहिली असताना असा एक कोर्स केला होता, त्या पंधरा दिवसांत जितका हुरूप आला तितका प्रमोशननेही आला नव्हता.

तरीही ते शिकवणार नाहीत, असं होऊ शकतं. मग सेटिंगच्या वेळी दोन पोरं शेजारी उभी करून प्रत्येक सेटिंगची वही ठेवायला सांगा: कुठला जॉ (जॉब पकडणारा जबडा), किती प्रेशर, कुठलं टूल कितव्या नंबरला, पहिला जॉब किती मापात आला. मोबाइलवर व्हिडिओ काढून घ्या. हे मेस्त्रींच्या नकळत नको, त्यांच्या समोर आणि त्यांच्या संमतीने. त्यांनी शिकवलं नाही तरी कारखान्याने शिकलं पाहिजे.

आता सरकारी वाटा, पटकन. शिकाऊ उमेदवार अधिनियम १९६१ चा आहे. तीस किंवा जास्त माणसं असतील तर शिकाऊ उमेदवार घेणं सक्तीचं, चार ते एकोणतीस असतील तर ऐच्छिक. तुम्ही ऐच्छिकमध्ये बसता. एकूण माणसांच्या १५ टक्क्यांपर्यंत घेता येतात, म्हणजे तुमच्याकडे तीन. २०१९ च्या नियमांत आयटीआय पासला किमान ७,००० रुपये विद्यावेतन धरलेलं आहे. सही करण्याआधी शिकाऊ उमेदवारीच्या सरकारी पोर्टलवर चालू आकडा बघा आणि त्याहून थोडं जास्तच द्या, कारण किमान रकमेत मुलगा दुचाकीचं पेट्रोल आणि डबा भागवू शकत नाही. राष्ट्रीय शिकाऊ प्रोत्साहन योजनेत विद्यावेतनाच्या २५ टक्के, कमाल १,५०० रुपये महिना, केंद्र सरकार मुलाच्या खात्यात भरतं. शिकाऊ उमेदवार हा कायद्याने कामगार नाही, प्रशिक्षणार्थी आहे, त्यामुळे प्रॉव्हिडंट फंड वगैरे लागत नाही. पण म्हणून तो स्वस्त हेल्पर नव्हे. परवानगीशिवाय त्याला ओव्हरटाइम देता येत नाही आणि कामावर इजा झाली तर भरपाई तुमच्यावर. वर्षाच्या शेवटी त्याची परीक्षा होते, प्रमाणपत्र मिळतं. ज्या कारखान्यातली मुलं त्यात पास होतात, त्या कारखान्याचं नाव आयटीआयच्या कट्ट्यावर आपोआप फिरतं. राज्याची मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना २०२४ मध्ये आली, बारावी झालेल्याला ६,०००, आयटीआय किंवा पदविकावाल्याला ८,०००, पदवीधराला १०,०००, हे राज्य सरकार देतं. तुम्ही पात्र ठरता का ते जिल्ह्याच्या कौशल्य विकास कार्यालयात विचारा. या सगळ्या योजना पैशाचा भार हलका करतात. तीन वाजताचा पाऊण तास त्या घेत नाहीत, तो तुम्हालाच घ्यावा लागेल.

तालुक्याच्या आयटीआयच्या प्राचार्यांना भेटा. तक्रार घेऊन जाऊ नका, दोन जुने पण चालू मायक्रोमीटर आणि ड्रॉइंगसकट एक पोतं रिजेक्टेड जॉब घेऊन जा. निदेशक त्याचं सोनं करील. तिथे संस्था व्यवस्थापन समिती असते, उद्योगातली माणसं तिच्यावर असतात. त्यात जागा मागा. ड्युअल पद्धतीत मुलं ठरावीक महिने कारखान्यात येऊन शिकतात, त्यासाठी करार करता येतो. एकट्याने जड वाटलं तर एमआयडीसीतले चार-पाच छोटे कारखानदार मिळून करा. रविवारी एखाद्या निवृत्त निदेशकाला बोलवा, मानधन वाटून घ्या. एकमेकांची पोरं पळवण्यात जी शक्ती जाते, तिच्या चौथाईत हे होतं.

हायस्कूललाही विसरू नका. शिरूर तालुक्यात पाबळला डॉ. श्रीनाथ कलबागांनी १९८३ साली विज्ञान आश्रम सुरू केला. हिंदुस्थान लिव्हरमधली शास्त्रज्ञाची नोकरी सोडून ते त्या दुष्काळी गावात आले. तिथून निघालेला शाळेतला कार्यक्रम असा, की आठवी ते दहावीच्या मुलांनी आठवड्यातला एक दिवस हाताने काम करायचं: वेल्डिंग, वायरिंग, शेती, अन्नप्रक्रिया. गावाला लागणाऱ्या वस्तू आणि सेवा करून देत शिकायचं. तिकडे एकदा जाऊन या, मेस्त्रींनाही घेऊन जा. आणि तुमच्या गावच्या नववीच्या वर्गाला वर्षातून दोनदा कारखाना दाखवा. मशीनला हात लावू द्यायचा नाही, ती लहान आहेत, मोजू द्यायचं. त्यात मुलीही असतील, आणि इथे मला थोडं थांबायचं आहे.

२४ माणसांत बायका किती, हे तुम्ही लिहिलं नाहीत. माझा अंदाज, एक झाडायला आणि एक पॅकिंगला. सीएनसीवर जॉब लावणं, मोजणं, नोंद ठेवणं, ऑफसेट देणं यात असं काय आहे जे बारावी सायन्स झालेल्या गावातल्या मुलीला येणार नाही? पुण्यात टाटा मोटर्सने अख्खी मोटारजोडणीची लाइन बायकांच्या हातात दिली आहे. गावातली सून किंवा मुलगी सहज चाकणला जाणार नाही, तिला घरातून चालत येण्याजोगं काम हवं आहे. ती तुमच्याकडे टिकेल. फक्त आधी स्वच्छ संडास, कडी लागणारी कपडे बदलायची खोली, आणि पहिल्या शिफ्टची हमी. आणि तुम्ही स्वतः एकदा तिच्या सासूशी बोला. मालकीण बाई आहे, हा तुमच्याकडचा मोठा आधार आहे. शेजारच्या कारखानदारांकडे तो नाही. मात्र ती टिकते म्हणून तिला कमी पगार द्यायचा नाही. तक्ता तोच, गोल तोच, रक्कम तीच.

परराज्यातल्या माणसांबद्दल विचारलंत. ती माणसंही कुणाची तरी शिकलेली पोरंच आहेत, घर सोडून आलेली. कुणी स्वतःहून आला तर घ्या, राहायची नीट सोय करा आणि तोच तक्ता लावा. ठेकेदारामार्फत घाऊक आणू नका. ठेकेदार माणसं आणतो तशी नेतोही, आणि शिकलेलं काहीच तुमच्या गावात राहत नाही.

एक खेड्यातली गोष्ट, जी चाकणवाल्यांना सांगावी लागत नाही. तुमच्याकडची पोरं एप्रिलमध्ये द्राक्षबागेच्या खरड छाटणीला आणि ऑक्टोबरमध्ये फळछाटणीला दांडी मारत असणार. घरची बाग असते, शिवाय छाटणीच्या टोळीला रोजचे पैसे तुमच्या हेल्परपेक्षा जास्त पडतात. त्यावर ओरडून उपयोग नाही. वर्षाच्या सुरुवातीला प्रत्येकाला विचारा, छाटणी कधी, जत्रा कधी, घरात लग्न आहे का. कॅलेंडर करा, रजा आधी मंजूर करा, ऑर्डरीच्या तारखा त्याभोवती बसवा. ज्याला बागेच्या आठ दिवसांसाठी खोटं बोलावं लागत नाही, तो सहसा नोकरी सोडत नाही.

एवढं करूनही काही जण जातील. जाताना अनुभवाचं पत्र द्या, त्यात काय-काय शिकला ते तक्त्यावरून खरं-खरं लिहा, राहिलेला पगार त्याच दिवशी द्या. जायच्या आधी एकदा त्याच्यासोबत कागद घेऊन बसा. तिकडचा पगार, त्यातून खोलीभाडं, खानावळ, गावी यायचं भाडं. नोकरी कायम आहे की कंत्राटावर, ठरावीक महिन्यांनी ब्रेक आहे का. त्याला अडवायला म्हणून हे करायचं नाही; त्याने आकडा पूर्ण बघून जावं, एवढ्यासाठी करायचं. कधी-कधी कागदावरून दिसेल की जाण्यात त्याचं खरंच भलं आहे. मग तसंच सांगा. माझे कितीतरी विद्यार्थी तीन-चार वर्षांनी गावी परतले. कुणाचं लग्न झालं, कुणाचा बाप थकला, कुणाला शहराचा कंटाळा आला. परत येताना ते आधी त्या दारात गेले, जिथून निघताना अपमान झाला नव्हता. तुमचे ते नऊ जण कुठे आहेत? दिवाळीला गावी येतील तेव्हा चहाला बोलवा. चाकणला चार वर्षं राहून आलेला मुलगा तुम्हाला न शिकवता मिळालेला सेटर असेल.

आता तुमचा शेवटचा प्रश्न. हो ताई, बिघडतं. तुम्हाला मशीन येत नाही यात कमीपणा काही नाही, पण येत नसल्यामुळे तुम्ही मेस्त्रींच्या मर्जीवर आहात, आणि हे मेस्त्रींनाही माहीत आहे, पोरांनाही. शिवाय मालकीण फक्त रिजेक्शनचा आकडा विचारते, मोजत नाही, असं पोरांना दिसतं. तेव्हा तक्त्यावर पहिलं नाव तुमचं लिहा, सगळे गोल रिकामे. मेस्त्रींची पहिली विद्यार्थिनी तुम्ही व्हा. मघाशी त्यांच्या घरी जायला सांगितलं, तिथे बोलणं अडलं तर हेच बोला: ‘मला शिकवाल का?’ सासऱ्यांच्या हाताखाली वाढलेला माणूस त्यांच्या सुनेला नाही म्हणणार नाही. आणि एकदा त्यांनी तुम्हाला सर्वांसमोर शिकवलं, की शेजारी उभ्या असलेल्या पोराला ‘तू बघू नको’ म्हणणं त्यांना जमणार नाही.

पहिला जॉब घरीच मोजा. पेटीतला एखादा बुश (नळीसारखा सुटा भाग) आणि जुना व्हर्नियर घेऊन जा. बाहेरचा व्यास तीन ठिकाणी मोजा, तिन्ही वेळा सारखा येतो का बघा. आला नाही तर हात कुठे तिरका होतो, ते सासऱ्यांना विचारा. त्यांना बोलता येत नसेल तर व्हर्नियर त्यांच्या हातात द्या, ते दाखवतील. मोजलेलं मला कळवा.